मीरीनचं पुढे काय झालं?

14 एप्रिल 2019. जयंतीची मिरवणूक संपवून आम्ही सहा जण एका मित्राच्या खोलीवर आलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. नाचून पाय भरून आले होते, कपड्यांवर नीळ तशीच होती. पण झोपायचं कोणी नाव काढलं नाही. कारण सकाळी साडेसहाला हॉटस्टारवर 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या शेवटच्या, म्हणजे आठव्या सीझनचा पहिला भाग येणार होता. अमेरिकेत रविवारची रात्र, आपल्याकडे सोमवारची सकाळ. सहा जणांत एक अकाउंट, एक लॅपटॉप, आणि चहाचा थर्मास.

पुढचे सहा आठवडे असेच गेले. त्यात एक गंमत झाली. ही मालिका आणि आपली लोकसभा निवडणूक हातात हात घालून चालली. तिसरा भाग 29 एप्रिलला सकाळी आला, त्याच दिवशी आमच्या भागात मतदान होतं. 82 मिनिटांची ती अंधारी लढाई पाहून आम्ही तसेच रांगेत जाऊन उभे राहिलो आणि बोटाला शाई लावून आलो. 19 मेला देशातला शेवटचा, सातवा टप्पा संपला. रात्री एक्झिट पोल पाहून झोपलो आणि 20 मेच्या सकाळी शेवटचा भाग पाहिला. त्या भागात मतदानाचा विषय निघतो आणि सगळे सरदार खो खो हसतात. त्या हसण्यावर आम्ही पुढे येणारच आहोत.

शेवटचा भाग संपला आणि भांडण सुरू झालं. जगभर सुरू झालं तसंच आमच्या खोलीतही. ते भांडण आमच्यात आजही अधूनमधून निघतं. मध्यंतरी आमच्या बैठकीत एक नवीन पोरगा म्हणाला, "दादा, ती सिरीयल शेवटच्या दोन सीझनला बिघडली, एवढंच ना? त्यात चळवळीचा काय संबंध?" संबंध आहे. म्हणून हा लेख.

चाहत्यांचे दोन गट

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेवर आधारलेली ही मालिका 2011 साली एचबीओवर सुरू झाली. वेस्टेरॉस नावाचा एक काल्पनिक सरंजामी देश, सात राज्यं, एक लोखंडी सिंहासन आणि त्यासाठी भांडणारी मोठमोठी घराणी. समुद्रापलीकडच्या खंडात डेनेरिस नावाची एक निर्वासित राजकन्या. तिच्याकडे तीन ड्रॅगन. ती गुलामांची शहरं जिंकते, गुलामांना मुक्त करते, मग आपल्या बापाचं सिंहासन परत घ्यायला वेस्टेरॉसला येते. आणि शेवटून दुसऱ्या भागात, शहराने शरणागतीच्या घंटा वाजवल्यावरही, ती ड्रॅगनवरून अख्खं शहर जाळते. बायका-पोरांसकट. शेवटच्या भागात तिचा प्रियकर जॉन स्नो तिला मारतो.

चाहत्यांचा एक गट म्हणतो की लेखकांनी घाई केली. या गटाचे मुद्दे खरे आहेत. पहिल्या सहा सीझनमध्ये प्रत्येकी दहा भाग होते. सातव्यात सात, आठव्यात सहा. पहिल्या सीझनमध्ये राजाच्या लवाजम्याला उत्तरेत पोचायला महिना लागतो. सातव्यात एक माणूस धावत भिंतीपर्यंत जातो, तिथून कावळा उडतो, निरोप मिळतो आणि राणी ड्रॅगनवर बसून वेळेवर हजर. पाचव्या सीझनच्या शेवटापर्यंत मालिका छापील पुस्तकांच्या पुढे निघून आली होती, आणि मार्टिन यांचं पुढचं पुस्तक आलंच नाही. बेनिऑफ आणि वाइस या दोन निर्मात्या-लेखकांना हात धरायला काही उरलं नाही. आठव्या सीझनमध्ये राणीच्या ड्रॅगनला समुद्रात शत्रूचं आरमार गाठतं, तेव्हा बेनिऑफ यांनी खुलासा केला की आरमाराचं तिच्या जरा लक्षातून गेलं. त्यावर किती विनोद झाले ते इंटरनेटवर अजून सापडतील. आठवा सीझन नव्या लेखकांकडून पुन्हा लिहून घ्या, अशी ऑनलाइन याचिका निघाली. तिच्यावर 15 लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. आमच्यातल्या दोघांनीही केल्या. तरी त्याच सीझनला 2019 चा सर्वोत्कृष्ट ड्रामा मालिकेचा एमी मिळाला.

दुसरा गट म्हणतो, नाही, सगळं आधीपासून दिसत होतं. तिचा बाप वेडा राजा होता. पहिल्याच सीझनमध्ये भावाच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओततात आणि ती शांतपणे बघते. सातव्यात शरण न येणाऱ्या बापलेकांना ड्रॅगनकडून जाळते. तुम्ही प्रेमात आंधळे झालात, म्हणून तुम्हाला दिसलं नाही.

आमच्या खोलीतही हेच दोन गट पडले. तास-दीड तास झाला. आमच्यातली एक ताई, जी आता कोर्टात वकिली करते, तोपर्यंत गप्प होती. ती म्हणाली, "तुम्ही सगळे राणीबद्दलच बोलताय. राणी बिघडली का, राणी आधीपासून तशीच होती का. मला एक सांगा, मीरीनचं पुढे काय झालं?"

कोणालाच सांगता आलं नाही. कारण मालिकेने ते सांगितलेलंच नाही.

आम्ही तिच्या प्रेमात का पडलो होतो

आधी स्वतःचं कबूल करतो. आम्ही हॉस्टेलवर असताना ही मालिका बघायला लागलो. सबटायटल वाचता वाचता इंग्रजी सुधारलं, हा वेगळा फायदा. पण खरी ओढ डेनेरिसची होती. तिसऱ्या सीझनमध्ये अस्तापोर शहरात ती अनसलिड नावाची गुलाम सैनिकांची फौज विकत घेते. लहानपणी खच्ची करून, नावं काढून घेऊन, हुकूम पाळायला तयार केलेली 8 हजार माणसं. मालक तिच्या तोंडावर आपल्या भाषेत तिला शिव्या घालत असतो, तिला कळत नाही असं समजून. सौदा पूर्ण होतो आणि ती त्याच भाषेत फौजेला हुकूम देते, की मालकांना मारा. मग चाबूक फेकून देते आणि सांगते की तुम्ही मोकळे आहात.

2013 साली हॉस्टेलच्या खोलीत तो सीन आम्ही किती वेळा पाहिला असेल! एका पोराने मोबाईलची रिंगटोन केली होती. ज्याच्या आजोबांनी गावकीची कामं केली, ज्याच्या आजीला पाणी वरून वाढलं गेलं, त्याला तो सीन पाहून काय वाटतं हे या ब्लॉगच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

त्याच सीझनच्या शेवटी युंकाय शहराचे मुक्त झालेले गुलाम बाहेर येतात, तिला आई म्हणतात, खांद्यावर उचलून घेतात. कॅमेरा वरून दाखवतो, सावळ्या माणसांचा समुद्र आणि मधोमध एक गोरी बाई तरंगते आहे. तेव्हाही जगभरातल्या अनेक प्रेक्षकांनी म्हटलं होतं, की हे गोऱ्या तारणहाराचं जुनंच चित्र आहे. आम्हाला मात्र ते तेव्हा खटकलं नाही. आज खटकतं. ते सगळे कोण होते? त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव आपल्याला कळलं का? आपल्याला फक्त एवढंच कळलं की ते तिला आई म्हणतात.

जेव्हा मालिका प्रश्न विचारत होती

पण ही मालिका आम्ही उगाच डोक्यावर घेतली नव्हती. सुरुवातीच्या सीझनमध्ये ती मुक्तीबद्दल अवघड प्रश्न विचारत होती.

पहिल्या सीझनमध्ये डेनेरिस एका लुटलेल्या गावातल्या बाईला बलात्काऱ्यांच्या हातून सोडवते. तिला वाटतं, बाई आपली ऋणी राहील. ती बाई पुढे उलटते. तिचं म्हणणं असं, की माझं देऊळ जळालं, माझी माणसं मेली, माझ्यावर अत्याचार झाले, त्यानंतर तू मला वाचवलंस म्हणजे नेमकं काय वाचवलंस? राणीकडे उत्तर नसतं. ती त्या बाईला जिवंत जाळते.

चौथ्या सीझनमध्ये मीरीन जिंकल्यावर एक म्हातारा मुक्त गुलाम दरबारात येतो. तो मालकाच्या मुलांचा शिक्षक होता, त्याला घरात मान होता. आता तो सार्वजनिक निवाऱ्यात राहतो, तिथे दांडगे लोक म्हाताऱ्यांना छळतात. तो विनंती करतो की मला मालकाकडे परत जाऊ द्या. राणी वर्षभराच्या कराराची परवानगी देते. सल्लागार तिथल्या तिथे बजावतो, की मालक याचा फायदा उठवतील आणि नाव बदलून गुलामीच परत येईल.

हा प्रश्न आपला आहे. साखळी तुटली, पण जमीन मालकाची, घर मालकाचं, धान्य मालकाचं. मोकळा झालेला माणूस खाणार काय? महार वतनाच्या कायद्यात बदल करायला बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात बिल आणलं, तेव्हा लढाई फक्त सरकारशी नव्हती. वतन हा हक्क नसून गुलामी आहे, हे आपल्याच माणसांना सभा घेऊन पटवावं लागलं. बलुत्याच्या भाकरीला पर्याय दिल्याशिवाय बलुतं सोडा म्हणणं सोपं नव्हतं. 25 नोव्हेंबर 1949 च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेब राजकीय समतेच्या शेजारी सामाजिक आणि आर्थिक विषमता मांडून जो इशारा देतात, तो मीरीनच्या त्या म्हाताऱ्या शिक्षकाला तंतोतंत लागू पडतो.

कायद्याचंही तसंच. मीरीनच्या मालकांनी 163 गुलाम मुलांना रस्त्यावर मैलामैलाला खिळे ठोकून मारलेलं असतं. डेनेरिस शहर घेतल्यावर 163 मालकांना तसंच ठोकते. नंतर एका मालकाचा मुलगा येऊन सांगतो की माझा बाप त्या मुलांना मारायच्या विरोधात बोलला होता. चौकशी झालीच नव्हती. पाचव्या सीझनमध्ये तिच्या सल्लागार मंडळात मोसाडोर नावाचा एक मुक्त गुलाम असतो. तो बंडखोर कैद्याला खटल्याशिवाय मारतो, म्हणून राणी भर चौकात त्याचं डोकं उडवते. मुक्त झालेली जनता तिच्यावर फूत्कारते. आणि थोड्याच भागांनंतर राणी स्वतः एका सरदाराला खटल्याशिवाय ड्रॅगनपुढे टाकते. म्हणजे मुक्त गुलामाने कायदा मोडला तर मान जाणार, राणीने मोडला तर तिला विचारणारं कोणी नाही. मीरीनमध्ये कायदा राणीच्या मर्जीवर चालत होता.

हे सगळं मालिकेने दाखवलं होतं. मालिका तेव्हा चांगली होती ती याच कारणाने.

आणि मग मीरीन नाहीसं झालं

सहाव्या सीझनमध्ये टिरियन हा वेस्टेरॉसचा सरदारपुत्र मीरीनचा कारभार बघतो. तो मालकांशी तडजोड करतो, गुलामी संपवायला सात वर्षांची मुदत देतो. मिसांडे आणि ग्रे वर्म दोघं लहानपणापासून गुलाम होते, ते त्याला सावध करतात. टिरियन म्हणतो, मीही गुलाम होतो. मिसांडे विचारते, किती दिवस? गुलामी कळायला तेवढे दिवस पुरत नाहीत, हे ती त्याला दोन वाक्यांत सांगते. पुढे मालक तह मोडून हल्ला करतात. दोघांचं म्हणणं खरं ठरतं. पण राणीच्या उजव्या हाताचं पद कोणाला मिळतं? टिरियनला.

सहाव्या सीझनच्या शेवटी डेनेरिस जहाजं घेऊन निघते. मीरीन एका भाडोत्री सेनापतीच्या ताब्यात देऊन सांगते, की लोक आपले नेते निवडतील तोवर शांतता राख. त्यानंतर सातव्या आणि आठव्या सीझनच्या 13 भागांत मीरीन दिसत नाही. निवडणूक झाली का? मालक परत आले का? त्या म्हाताऱ्यांच्या निवाऱ्याचं काय झालं? एक शब्द नाही. एक उल्लेख तेवढा येतो, तोही बँकवाल्याच्या संदर्भात. सातव्या सीझनमध्ये आयर्न बँकेचा माणूस राणी सर्सीला भेटतो आणि गुलामांच्या व्यापारात मंदी आल्याची चर्चा होते. लाखो माणसांची मुक्ती बँकेच्या नफ्या-तोट्याची एक ओळ होऊन उरली.

आमचं म्हणणं असं आहे, की मालिका इथे बिघडली. घंटा वाजल्या तेव्हा नाही. मुक्त झालेल्या माणसांना काय वाटतं हे विचारणं ज्या दिवशी बंद झालं, त्या दिवशी डेनेरिसची गोष्ट सिंहासनाची झाली. सिंहासनाच्या गोष्टीत ती एक तर चांगली राणी होणार किंवा वेडी राणी होणार, तिसरा रस्ता नव्हता. घाई झाली हे खरं. पण आणखी दहा भाग दिले असते तरी ते दहा भाग राणीच्या मनात काय चाललंय यावरच गेले असते. मीरीनवर एकही गेला नसता, असं आम्हाला वाटतं.

पुढे मरायला कोण, जमीन कोणाला

शेवटच्या सीझनमध्ये मुक्त झालेल्यांच्या वाट्याला काय आलं ते मोजा. उत्तरेतल्या लढाईत पहिली धाव डोथ्राकी घेतात आणि काही क्षणांत त्यांच्या पेटलेल्या तलवारी अंधारात विझतात. बाकीचे किल्ल्यात मागे फिरताना बाहेर उभं राहून वाट अडवतात ते अनसलिड. ज्या भूमीसाठी मरताहेत ती त्यांची नाही, तिथली जनता त्यांच्याकडे संशयाने बघते. चौथ्या भागात मिसांडेला पकडतात आणि साखळ्या घालून तिचा शिरच्छेद करतात. अख्ख्या मालिकेत साखळीतून सुटलेली सगळ्यात शहाणी बाई साखळीत मरते, तेही राणीला राग यावा म्हणून. तिच्या मरणाचा उपयोग राणीच्या पात्राला पुढे ढकलण्यापुरता. अनेक कृष्णवर्णीय प्रेक्षक त्यावर संतापले. आमच्या खोलीत त्या दिवशी कोणी चहा घेतला नाही.

शेवटच्या भागात ग्रे वर्मच्या ताब्यात शहर आहे, फौज आहे, दोन्ही कैदी आहेत. तरी राजा कोण हे ठरवायला वेस्टेरॉसचे सरदार बसतात आणि ग्रे वर्मला कोणी मत विचारत नाही. डाव्होस त्याला सुपीक जमीन देऊ करतो, इथे आपलं घराणं सुरू करा म्हणतो. लहानपणी खच्ची केलेल्या माणसांना घराणं सुरू करा म्हणतो! ग्रे वर्म सांगतो की आम्हाला मोबदला नको, न्याय हवा. शेवटी त्याला दोन्ही मिळत नाही. अनसलिड जहाजात बसून निघून जातात आणि त्याच सुपीक मुलखाचा धनी ब्रॉन नावाचा भाडोत्री लढवय्या होतो.

एक आक्षेप आणि त्याचं उत्तर

शेवटच्या भागात टिरियन जॉनला समजावतो, की तिने अस्तापोरचे मालक मारले तेव्हा कोणी तक्रार केली नाही, मीरीनचे सरदार ठोकले तेव्हा कोणी तक्रार केली नाही, ते दुष्टच होते. असं करत करत ती इथवर आली. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण याचा अर्थ काय होतो? शहर जाळण्याची सुरुवात गुलामांच्या मालकांना शिक्षा करण्यात होती, असा होतो. 163 मुलांचे मारेकरी आणि घाबरून घंटा वाजवणारं शहर एकाच माळेत ओवलं गेलं. ही चाल आपल्या ओळखीची आहे. अत्याचाराविरुद्ध कोणी आवाज चढवला की लगेच दोन्ही बाजूंचा अतिरेक म्हणायला माणसं तयारच असतात.

यावर एक मित्र म्हणाला, "पण बाबासाहेबांना तरी हिंसा कुठे मान्य होती? काठमांडूच्या भाषणात त्यांनी बुद्धाचाच मार्ग सांगितला." बरोबर आहे. 163 मालकांना चौकशीशिवाय ठोकणं आम्हीही चुकीचंच म्हणतो, ते वर सांगितलं. पण टिरियनची चूक तिला दोष देण्यात नाही, चुकीचं कारण देण्यात आहे. तिने मालकांविरुद्ध पाऊल उचललं म्हणून ती जुलमी झाली नाही. तिच्यावर कोणाचाच लगाम नव्हता म्हणून झाली. कोर्ट नाही, कायदेमंडळ नाही, लोकांचा प्रतिनिधी नाही. होते ते तीन ड्रॅगन आणि आई म्हणणारी गर्दी. 1949 च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडून द्या सांगितलं, आणि राजकारणातल्या भक्तीचा शेवट हुकूमशाहीत होतो हेही सांगितलं. टिरियनने यातलं एकच वाक्य ऐकलं असतं, दुसरं त्याला परवडणारं नव्हतं. कारण तोही भक्तच होता.

ते हसणं

आता त्या हसण्याकडे येऊ. राणी मेली, ड्रॅगनने सिंहासन वितळवलं. सरदार गोल बसलेत. सॅमवेल टार्ली नावाचा पुस्तकी पोरगा चाचरत म्हणतो, की राजा सगळ्यांवर राज्य करणार असेल तर सगळ्यांनीच तो निवडू नये का? क्षणभर शांतता, मग हशा. एक म्हणतो, मग कुत्र्यांनाही मत द्या. दुसरा म्हणतो, घोड्याला विचारतो. आणि ब्रॅन स्टार्कला राजा करतात. खालच्या वस्तीत जन्मून वर आलेला डाव्होस हात वर करताना म्हणतो, की मला मत आहे की नाही ठाऊक नाही, पण होकार. या वाक्यावर कोणी हसलं नाही, कारण त्यांच्या लेखी ते खरंच होतं.

20 मेच्या सकाळी आमच्यातले चौघे बोटावरची पुसट झालेली शाई बघत होते. 1928 साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी स्त्री-पुरुष सगळ्यांना प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हाही शहाणी माणसं म्हणत होती की अडाण्यांच्या हाती मत देऊन काय होणार. निरक्षर म्हणजे बुद्धी नसलेला नव्हे, असं बाबासाहेबांचं उत्तर होतं. पुढे घटनेचं कलम 326 आलं आणि 1951-52 च्या पहिल्याच निवडणुकीत माझं मत कोणी मोजणार का, हे विचारायची गरज कायद्याने उरली नाही. हा हशा परतवायला आपल्याला ड्रॅगन लागला नाही.

मालिकेला मात्र तो हशा चालला. सात सीझन सिंहासन मोडायच्या गोष्टी केल्या आणि शेवटी निवडणारे सरदारच राहिले. चाहते विचारत होते, ब्रॅनच का, जॉन का नाही? त्यांचं भांडण तेच, आमच्या आवडत्या माणसाला गादी का नाही. आम्हीही त्यातच होतो.

आमची अभ्यासिका

इथवर लिहून थांबलो असतो तर मालिकेचं परीक्षण झालं असतं. पण ताईने मीरीनचा प्रश्न विचारला त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी तो आमच्याच अंगावर आला.

आमच्या वस्तीत विहाराच्या वरच्या खोलीत एक अभ्यासिका होती. चाळीस खुर्च्या, दोन कपाटं पुस्तकं, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली. ती एका दादांनी उभी केली. आम्ही त्यांना दादाच म्हणायचो, नाव इथे महत्त्वाचं नाही. वर्गणी तेच गोळा करायचे, वही त्यांच्याकडे, किल्ली त्यांच्याकडे, मालकाशी बोलणं त्यांचं, पोलीस चौकीत गेलं तर त्यांचंच ऐकायचे. माणूस खरा होता. आमच्यातल्या तिघांच्या परीक्षेची फी त्यांनी खिशातून भरली आहे. 2019 च्या विधानसभेच्या तोंडावर एका पक्षाने त्यांना बोलावलं आणि ते गेले. तिकीट मिळालं नाही, पण पद मिळालं. जाताना म्हणाले, "तुम्ही सांभाळा, मी आहेच."

आम्हाला वीजबिल कोणाच्या नावावर आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. तीन महिन्यांत मीटर कापलं. पुस्तकं गोण्यांत भरून चार घरांत ठेवली. खोली दुसऱ्या कामाला गेली. एका मुलीची मुख्य परीक्षा दोन महिन्यांवर होती. तिचं घर दहा बाय दहाचं, घरात सात माणसं. ती रेल्वे स्टेशनच्या बाकावर बसून वाचायची. तिने आम्हाला कधी बोल लावला नाही, पण समोर आली की आम्हीच नजर चुकवायचो.

आम्ही काय केलं? दोन वर्षं दादांना शिव्या घातल्या. बिघडला, विकला गेला, पहिल्यासारखा राहिला नाही. आमच्यातले काही म्हणायचे, तो आधीपासून तसाच होता, तुम्हाला दिसलं नाही. तेच दोन गट. तोच वाद. एका रात्री ताई म्हणाली, "परत राणीबद्दलच बोलताय."

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश वगैरे पडला नाही. लाज वाटली. दादा गेले हा त्यांचा निर्णय, त्याचा जाब त्यांना विचारलाच पाहिजे. पण किल्ली एकाच्याच खिशात सहा वर्षं राहिली, हा आमचा निर्णय होता. आम्हाला ते सोयीचं होतं. वर्गणी मागायची लाज त्यांनी सोसायची, आम्ही खुर्चीवर बसून वाचायचं आणि चौदा एप्रिलला त्यांच्या नावाचा बॅनर लावायचा. बुद्धांनी स्वतःला मार्ग दाखवणारा म्हटलं, मोक्ष देणारा म्हटलं नाही, हे आम्ही व्याख्यानात सांगत होतो आणि अभ्यासिकेत दादांनाच मोक्षदाता करून ठेवलं होतं. आमची अभ्यासिका दादा गेल्यावर बिघडली नाही. ती पहिल्या वर्षीच बिघडली होती, फक्त दिवे चालू होते.

अभ्यासिका आता पुन्हा सुरू आहे. लहान जागेत, अठरा खुर्च्या. हिशेबाची वही भिंतीला दोरीने टांगलेली आहे, कोणीही उघडून बघावी. किल्ल्या तीन, त्यातली एक कायम मुलींपैकी कोणाकडे. दर सहा महिन्यांनी हात वर करून जबाबदाऱ्या बदलतात. पहिल्या बैठकीत मतदान घेऊ म्हटलं तर दोघं हसले. म्हणाले, एवढ्याशा खोलीला कशाला मतदान? आम्ही त्यांच्यावर चिडलो नाही. ते हसणं आम्हाला ओळखीचं होतं. मतदान घेतलं. स्टेशनवर वाचणारी ती मुलगी दीड वर्ष हिशेब बघत होती, तिने दादांच्या काळापेक्षा जास्त वर्गणी गोळा केली.

तेव्हा तरुण मित्रांनो, मालिका जरूर बघा. शेवट आवडला नाही तर तावातावाने भांडा, आम्हीही भांडतो. पण भांडण संपल्यावर एकदा आपल्या वस्तीकडे, आपल्या संघटनेकडे, आपल्या मंडळाकडे बघा आणि विचारा. आपला नेता उद्या जहाजात बसून निघून गेला, तर किल्ली कोणाकडे आहे? वही कोणी वाचली आहे? वीजबिल कोणाच्या नावावर आहे?

उत्तर येत नसेल, तर शेवटचा सीझन यायची वाट बघू नका. येत्या रविवारीच बैठक लावा.

जय भीम.